सामान्य समर्थकाच्या नजरेतून अध्यक्षीय उमेदवारीची प्रचारमोहीम : हॉवर्ड डीन, २००३-०४

प्रास्ताविक

अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीचा अभ्यास करताना आपल्याकडील अभ्यासकांचे लक्ष सामान्यतः नोव्हेंबर महिन्यातील अंतिम लढतीकडे असते. त्यापूर्वी वर्षभर, कधी त्याहूनही अधिक काळ चालणारी पक्षांतर्गत उमेदवारीची स्पर्धा तुलनेने दुर्लक्षित राहते. या स्पर्धेविषयी जे लेखन होते, तेही बहुतांशी उमेदवार, सल्लागार, देणगीदार व प्रसारमाध्यमे यांच्या बाजूने केलेले असते. पदरचा वेळ व पैसा खर्च करून, कडाक्याच्या थंडीत घरोघर फिरणाऱ्या सामान्य समर्थकाला ती मोहीम कशी दिसते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

प्रस्तुत लेखात व्हरमाँट राज्याचे माजी गव्हर्नर हॉवर्ड डीन यांच्या २००३-०४ मधील मोहिमेच्या आधारे या प्रश्नाचे विवेचन केले आहे. ही मोहीम यशस्वी झाली नाही. ती निवडण्याचे कारणही हेच आहे. विजयी मोहिमेत समर्थकाची समजूत आणि मतदाराचा कौल एकाच दिशेला जातात, त्यामुळे त्यांतील भेद लक्षात येत नाही. डीन यांच्या पराभवात तो भेद स्पष्टपणे उघडा पडला.

उमेदवारी निश्चितीची पद्धती

भारतात पक्षाची उमेदवारी पक्षश्रेष्ठींकडून मिळते. महाराष्ट्रातील कार्यकर्त्यालाही पक्षाचा 'एबी फॉर्म' कोणाच्या हाती पडला हे पुष्कळदा अर्ज भरण्याची मुदत संपता संपताच कळते. अमेरिकेत हा निर्णय आज पक्षाचे सामान्य मतदार करतात, परंतु ही स्थिती फार जुनी नाही. १९६८ मध्ये सिनेटर यूजीन मॅकार्थी यांनी व्हिएतनाम युद्धाच्या प्रश्नावर विद्यमान अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना पक्षातूनच आव्हान दिले. त्यांच्या प्रचारासाठी न्यू हॅम्पशायरमध्ये आलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी, मतदार बिचकू नयेत म्हणून, दाढ्या काढल्या व केस कापले. मॅकार्थी यांना तेथे सुमारे ४२ टक्के मते मिळाली आणि मार्चअखेरीस जॉन्सन यांनी पुन्हा निवडणूक न लढविण्याचे जाहीर केले. तरीही त्या वर्षीची उमेदवारी मिळाली ती एकही प्रायमरी न लढविलेल्या ह्युबर्ट हम्फ्री यांना. शिकागो अधिवेशनात उसळलेल्या असंतोषानंतर डेमोक्रॅटिक पक्षाने सुधारणा आयोग नेमला. त्या आयोगाच्या नियमांमुळे १९७२ पासून अधिवेशनातील प्रतिनिधी निवडण्याचा अधिकार प्रामुख्याने मतदारांकडे आला. सामान्य समर्थकाच्या श्रमाला उमेदवारीच्या निर्णयात प्रत्यक्ष मोल आले ते या बदलानंतर.

प्रायमरी म्हणजे नेहमीसारखे गुप्त मतदान. कॉकस मात्र वेगळी. ती पक्षाने भरविलेली सभा असते. २००४ मध्ये या क्रमात पहिला मान आयोवा राज्याच्या कॉकसचा होता. राज्यातील सुमारे २,००० मतदान-विभागांत डेमोक्रॅटिक मतदार एकाच संध्याकाळी शाळा, ग्रंथालय, चर्च, प्रसंगी एखाद्याचे घर अशा ठिकाणी जमत. उमेदवारनिहाय गट करून ते सर्वांसमक्ष उभे राहत. बहुतेक विभागांत उपस्थितांपैकी किमान १५ टक्के लोक ज्या गटात नसतील तो गट बाद ठरे आणि त्यातील मंडळींना दुसऱ्या गटात जाण्याची मुभा असे. अशा वेळी एका कोपऱ्यातला शेजारी दुसऱ्या कोपऱ्यातल्या शेजाऱ्याला आपल्याकडे बोलावी. मत उघड असल्याने ते कोणाच्या शब्दावर बदलले, हेही सर्वांना दिसे. पुढील विवेचनाच्या दृष्टीने हा तपशील महत्त्वाचा आहे.

समर्थकाची मोहीम

डीन हे व्यवसायाने डॉक्टर. १९९१ ते २००३ या काळात ते व्हरमाँटचे गव्हर्नर होते. अवघ्या सहा लाख लोकवस्तीच्या या राज्याबाहेर त्यांना फारसे कोणी ओळखत नव्हते. २००२ च्या ऑक्टोबरमध्ये इराकविरुद्ध बळाच्या वापरास अनुमती देणारा ठराव अमेरिकी काँग्रेसमध्ये संमत झाला. जॉन केरी, जॉन एडवर्ड्स, रिचर्ड गेपहार्ट व जोसेफ लीबरमन या प्रमुख स्पर्धकांनी त्या ठरावाच्या बाजूने मत दिले होते. डीन यांनी युद्धाला उघड विरोध केला. आपलाच पक्ष आपल्या वतीने बोलत नाही ही बोच मनात असलेल्या असंख्य डेमोक्रॅटिक मतदारांना त्यांच्या रूपाने आवाज मिळाला.

पुढे जे घडले त्याचे श्रेय सहसा इंटरनेटला दिले जाते. ते अर्धेच खरे आहे. 'मीटअप' या संकेतस्थळाद्वारे डीन यांच्या समर्थकांना परस्परांचा पत्ता लागला हे खरे. परंतु त्यानंतर ते दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी प्रत्यक्ष भेटत, कॉफीगृहात, उपाहारगृहात किंवा ग्रंथालयात. २००३ च्या अखेरीस अशा नोंदणीकृत समर्थकांची संख्या दीड लाखाच्या पुढे गेली होती. त्यांपैकी कित्येकांचा राजकारणाशी आलेला हा पहिलाच संबंध होता. इराक युद्धाच्या सुरुवातीच्या महिन्यांत आपल्या गावात अथवा कचेरीत असे मत बाळगणारे आपण एकटेच आहोत, असे वाटणाऱ्या व्यक्तीला त्या मेजाभोवती वीस-पंचवीस समविचारी माणसे भेटत. या भेटीत तिला जे गवसे ते उमेदवाराच्या धोरणपत्रिकेत सापडणारे नव्हते.

या बैठकांना कामही दिलेले असे. आयोवा व न्यू हॅम्पशायरमधील अनोळखी मतदारांच्या नावांची यादी येई आणि जमलेले समर्थक त्यांना हाताने पत्रे लिहीत. डीन यांना पाठिंबा का, हे प्रत्येकाने आपापल्या शब्दांत लिहावे अशी अपेक्षा असे. कोणी घरी सभा भरवी, कोणी स्वखर्चाने पत्रके छापी. मोहिमेच्या मुख्यालयाची परवानगी घेण्याची गरज बहुधा नसे. मोहिमेचे व्यवस्थापक जो ट्रिपी यांनी नियंत्रण सैल ठेवण्याचे धोरण जाणीवपूर्वक स्वीकारले होते.

निधीच्या बाबतीतही समर्थकाची भूमिका नवी होती. जुलै २००३ मध्ये उपाध्यक्ष डिक चेनी यांच्या सन्मानार्थ दोन हजार डॉलर प्रतिताट दराचे निधीभोजन योजण्यात आले. डीन यांच्या मोहिमेने त्याच सुमारास समर्थकांना लहान देणग्यांचे आवाहन केले, आणि डीन संगणकासमोर बसून टर्की सँडविच खात असल्याचे चित्र प्रसृत केले. त्यातून सुमारे पाच लाख डॉलर जमा झाले. चेनी यांच्या भोजनापेक्षा ही रक्कम अधिक होती. २००३ च्या तिसऱ्या तिमाहीत सुमारे १ कोटी ४८ लाख डॉलर जमले. एका तिमाहीत एवढा निधी तोवर कोणत्याही डेमोक्रॅटिक इच्छुकाने उभारला नव्हता. नोव्हेंबरमध्ये सार्वजनिक निधी व त्यासोबत येणारी खर्चमर्यादा नाकारावी काय, हा प्रश्न डीन यांनी समर्थकांपुढेच मतदानासाठी ठेवला. सुमारे ८५ टक्के समर्थकांनी निधी नाकारण्याच्या बाजूने कौल दिला व तो पाळला गेला. हे मतदान कौलापेक्षा अनुमोदन अधिक होते, अशी शंका घेता येईल. तथापि पन्नास डॉलर देणाऱ्याला मोहिमेच्या निर्णयावर मत विचारले जाणे, ही त्या व्यक्तीच्या दृष्टीने सामान्य गोष्ट नव्हती.

येथेच समर्थकाच्या दृष्टीची मर्यादाही सुरू होते. बैठकीस आलेल्यांची संख्या, लिहिलेली पत्रे, जमलेली रक्कम ही त्याची मोजमापे होती. ती सर्व दर महिन्याला वाढत होती आणि सर्व खरी होती. परंतु ती समर्थकांची मोजणी होती, मतदारांची नव्हे. डिसेंबरमध्ये माजी उपाध्यक्ष अल गोर यांनी पाठिंबा दिला आणि वृत्तपत्रे डीन यांना आघाडीचे उमेदवार म्हणू लागली, तेव्हा या गफलतीला बाहेरूनही दुजोरा मिळाला.

आयोवा : १९ जानेवारी २००४

जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात देशभरातून सुमारे साडेतीन हजार स्वयंसेवक आयोवात दाखल झाले. बहुतेक स्वखर्चाने आले होते. त्यांना नारिंगी लोकरी टोप्या देण्यात आल्या. गोठवणाऱ्या थंडीत, बर्फ साचलेल्या रस्त्यांवरून ते घरोघर फिरले. स्वयंसेवकाच्या बाजूने पाहता हे दृश्य उत्साह वाढविणारे होते. ज्या रस्त्यावर पाहावे तेथे नारिंगी टोपी दिसे आणि प्रत्येक टोपी म्हणजे आपला माणूस. आयोवातील मतदाराच्या बाजूने पाहता मात्र दारात उभी असलेली व्यक्ती टेक्सास किंवा कॅलिफोर्नियाहून आलेली होती. आठवड्याभरात ती परत जाणार होती आणि सभेच्या संध्याकाळी तिला मताचा अधिकार नव्हता. ज्या पद्धतीत शेजारी शेजाऱ्याला गटात ओढतो, तेथे परक्या माणसाची निष्ठा फारशी कामास येत नाही. इतर प्रचारकांनी व अनेक पत्रकारांनी ही विसंगती त्याच वेळी नोंदविली होती.

पराभवाचे खापर केवळ टोप्यांवर फोडणे मात्र अन्यायाचे होईल. डीन व गेपहार्ट यांनी परस्परांवर केलेल्या दूरचित्रवाणी जाहिरातींच्या भडिमाराने दोघांचेही नुकसान झाले. आयोवाच्या कॉकस पद्धतीची टवाळी करणारे डीन यांचे जुने उद्गारही ऐन वेळी बाहेर आले. याहूनही महत्त्वाचे कारण समर्थकांच्या गृहीतकातच होते. प्रवेशद्वारावर घेतलेल्या पाहणीनुसार सभांना आलेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोक इराक युद्धाच्या विरोधात होते. समर्थकांच्या हिशेबाने ही सर्व मते डीन यांची असायला हवी होती. परंतु युद्धाला विरोध असणाऱ्या बहुसंख्य मतदारांनी युद्धाच्या ठरावाला मत देणारे उमेदवार निवडले, कारण जॉर्ज बुश यांना हरवू कोण शकेल हा प्रश्न त्यांना अधिक निकडीचा वाटत होता. डीन यांच्या मताशी सहमत असणे आणि डीन यांच्या कोपऱ्यात उभे राहणे या दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या.

सुमारे १,२४,००० लोक त्या संध्याकाळी सभांना आले. केरी यांना ३८, एडवर्ड्स यांना ३२, डीन यांना १८ व गेपहार्ट यांना ११ टक्के मिळाले. (हे आकडे राज्य प्रतिनिधींच्या प्रमाणाचे आहेत, मोजलेल्या मतांचे नव्हेत, तशी मोजणी त्या काळी जाहीरच होत नसे.)

त्या रात्री वेस्ट डी मॉइन येथील वॅल-एअर बॉलरूममध्ये डीन हजारो स्वयंसेवकांसमोर आले. थकलेल्या, हिरमुसलेल्या तरुणांना धीर द्यावा म्हणून त्यांनी आस्तीन सावरली, पुढील राज्यांची नावे एकामागून एक उच्चारली आणि शेवटी आरोळी दिली. सभागृहातील गलका एवढा होता की तेथे असलेल्या अनेकांना ती आरोळी धड ऐकूही आली नाही. डीन यांच्या हातातील ध्वनिक्षेपक मात्र भोवतालचा आवाज गाळून केवळ त्यांचाच आवाज टिपणारा होता. त्यामुळे दूरचित्रवाणीवर लोकांनी पाहिला तो शांततेत एकटाच ओरडणारा माणूस. हे दृश्य पुढील काही दिवसांत शेकडो वेळा दाखविले गेले. सभागृहातील स्वयंसेवकांना आपल्या नेत्याने आपली समजूत घातली असे वाटले होते. दुसऱ्या दिवशी घरून आलेल्या दूरध्वनीवरून त्यांना कळले, की देश हसतो आहे. एकाच क्षणाची ही दोन रूपे आहेत आणि दोन्ही खोटी नाहीत. या आरोळीमुळे डीन हरले असे अजूनही सर्रास लिहिले जाते, ते मात्र चूक आहे. आरोळी ऐकू आली तेव्हा आयोवातील निकाल लागून गेला होता.

पराभवानंतर

२७ जानेवारीस न्यू हॅम्पशायरमध्ये केरी यांना ३८ व डीन यांना २६ टक्के मते मिळाली. १७ फेब्रुवारीस विस्कॉन्सिनमध्ये डीन तिसरे आले व दुसऱ्या दिवशी त्यांनी माघार घेतली. गमतीचा भाग असा, की त्यानंतर दोन आठवड्यांनी व्हरमाँटच्या मतदारांनी त्यांना निम्म्याहून अधिक मते देऊन एकमेव राज्य जिंकून दिले.

न्यू हॅम्पशायरमधील दुसऱ्या क्रमांकाकडे अभ्यासकांनी अधिक लक्ष द्यावयास हवे. तेथील संघटन आयोवाहून निराळे होते. सीझर चावेझ यांच्या शेतमजूर संघटनेत सोळा वर्षे काम केलेले हार्वर्डचे अध्यापक मार्शल गांझ यांनी तेथील कार्यकर्त्यांना गृहबैठकांची पद्धत शिकविली. स्थानिक रहिवासी आपल्याच घरी शेजाऱ्यांना बोलावी, प्रथम स्वतःची हकिगत सांगे आणि निघण्यापूर्वी पाहुण्यांपैकी कोणीतरी पुढची बैठक आपल्या घरी ठरवी. या पद्धतीने उमेदवारी मिळवून दिली नाही, परंतु शिकलेली माणसे मागे राहिली. त्या वर्षी तेथे डीन यांच्यासाठी काम केलेले जेरेमी बर्ड २०१२ मध्ये बराक ओबामा यांच्या मोहिमेचे राष्ट्रीय क्षेत्रसंघटक होते. गांझ यांनी २००७ मध्ये ओबामा यांच्या स्वयंसेवकांसाठी प्रशिक्षण शिबिरे आखली. डीन स्वतः २००५ ते २००९ या काळात पक्षाच्या राष्ट्रीय समितीचे अध्यक्ष होते आणि पक्षाला जिंकण्याची आशा नसलेल्या राज्यांसह सर्व पन्नास राज्यांत त्यांनी पगारी संघटक नेमले. वॉशिंग्टनमधील नेत्यांनी याला पैशाचा अपव्यय म्हटले होते.

३ जानेवारी २००८ रोजी आयोवात ओबामा विजयी झाले तेव्हा सभांना आलेल्या डेमोक्रॅटिक मतदारांची संख्या सुमारे २,३९,००० होती, म्हणजे २००४ च्या जवळजवळ दुप्पट. त्यांचे संघटक आदल्या वसंत ऋतूपासूनच गावोगाव मुक्काम करून होते, आणि प्रत्येक विभागाची जबाबदारी शक्यतो त्याच विभागातील रहिवाशाकडे होती.

ही सभापद्धती स्वतः मात्र टिकली नाही. २०२० मध्ये निकाल कळविण्याची संगणकीय व्यवस्था कोलमडल्याने आयोवाचा निकाल अनेक दिवस रखडला. २०२४ च्या निवडणुकीसाठी डेमोक्रॅटिक पक्षाने आयोवाचा पहिला क्रम काढून घेतला. त्या वर्षी तेथील डेमोक्रॅटिक मतदारांनी आपली पसंती टपालाने कळविली आणि निकाल ५ मार्च रोजी, इतर अनेक राज्यांच्या निकालांसोबत, जाहीर झाला.