कल्याण कँपांतील बराकी

‘वसाहत’ हा आपल्या भाषेंतील शब्द मोठा सोयीचा आहे. परक्या सत्तेनें स्वतःच्या कामासाठीं ठाणें वसविलें तरी ती वसाहत, आणि देशोधडीला लागलेल्या माणसांनीं माळावर चुली मांडल्या तरी तीहि वसाहतच. हे दोन्ही अर्थ एकाच जागीं, पुष्कळदां एकाच छपराखालीं, पाहावयाचे असतील तर वसई-रेवदंड्यापर्यंत जाण्याचें कारण नाहीं. कल्याणच्या पुढें, अंबरनाथ-बदलापूरच्या अलीकडे, उल्हासनगर आहे. तेथें सहलीसाठीं कोणी जात नाहीं, खरेदीसाठीं जातात. आज मी तुम्हांला तेथें पायीं फिरावयास नेणार आहें.

कल्याण हें आगगाडीचें मोठें जंक्शन. एक फांटा नाशिककडे, दुसरा पुण्याकडे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत ब्रिटिश सरकारनें त्याच्याजवळ, सुमारें पांच किलोमीटरांवर, लष्करी छावणी उभारली, यांत नवल नाहीं. ही मुक्कामाची छावणी होती. पलटणी येत, थांबत आणि पुढें रवाना होत. सहा हजार सैनिक आणि तीस हजार इतर माणसें यांची सोय होईल असा तिचा आवांका, आणि बराकी २१२६. बराकीची घडण कवाईतीसारखीच ठराविक होती : मध्यें एक लांबच लांब दालन आणि दोन्ही टोकांस जोडलेल्या खोल्या. युद्ध संपलें आणि छावणी ओस पडली.

पुढें १९४७ सालीं फाळणी झाली. पंजाब आणि बंगाल यांचे दोन तुकडे झाले, परंतु त्यांतील एकेक तुकडा तरी हिंदुस्थानांत राहिला. सिंध मात्र सबंध पलीकडे गेला. तेथून निघालेल्या हिंदूंना आपला म्हणावा असा वीतभर मुलूखहि अलीकडे उरला नाहीं. कराचीहून आगबोटींनीं ते मुंबईच्या धक्क्यावर उतरले, आणि लाखाहून अधिक निर्वासितांची पाठवणी ह्या रिकाम्या बराकींत झाली. शिपायांच्या त्या दालनांत गोणपाटाचे नि चादरींचे पडदे टांगून संसार मांडण्यांत आले. पडद्याच्या ह्या बाजूला आजारी म्हातारा, त्या बाजूला शेजारच्या घरचें तान्हें मूल. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनीं नव्या नगराची कोनशिला बसविली आणि उल्हास नदीवरून त्याला उल्हासनगर हें नांव मिळालें. कल्याणची जुनी माणसें अजून त्याला ‘कँप’च म्हणतात.

आतां वाट. कसाऱ्याकडे जाणाऱ्या गाडीनें कल्याणच्या पुढचें पहिलें स्थानक, शहाड, येथें उतरावें. कँपांची मोजणी ह्या बाजूनें सुरू होते. पहिल्या कँपांतून गोल मैदान, तेथून दुसरा, मग तिसरा, आणि शेवटीं १९५५ सालीं झालेलें उल्हासनगर स्थानक. सारी वाट सपाट आहे. रमत-गमत दोन-अडीच तास लागतात. चढ नाहीं, पण सावलीहि फारशी नाहीं आणि रहदारी अतोनात आहे. म्हणून थंडीचे दिवस आणि सकाळची वेळ पाहावी. चौथा व पांचवा कँप रुळांच्या पूर्वेला आहेत. ते दुसऱ्या खेपेस ठेवावे.

पाहावयाचें काय, असें कोणी विचारील. कमान नाहीं, बुरूज नाहीं. पाहावयाचे ते आंकडे! ह्या गांवांत पत्ता सांगतांना आरंभीं येतो बराकीचा नंबर आणि शेवटीं कँपचा, एक ते पांच. बराक पडून तेथें पांच मजली इमारत उभी राहिली तरी पुष्कळ ठिकाणीं नंबर तोच राहिला. लष्करी कारकुनानें मारलेला तो आंकडा आज लग्नपत्रिकेवर छापला जातो. दुकानांच्या पाट्यांवर तो वाचीत चाललें म्हणजे छावणीचा नकाशा आपोआप डोळ्यांपुढें उभा राहतो. मधूनच एखादें बैठें, उतरत्या छपराचें लांबट घर दिसेल. दालनाचे भाग पाडून केलेलीं बिऱ्हाडें त्यांत असतील. तेथें थांबावें, पण आंत डोकावण्यापूर्वीं विचारावें. तें पदार्थसंग्रहालय नव्हे, कोणाचें तरी स्वयंपाकघर आहे.

अशीं घरें आतां झपाट्यानें नाहींशीं होत आहेत, आणि त्याबद्दल नुसता हळहळणारा मनुष्य मला पटत नाहीं. ज्यांनीं पडद्याआड दिवस काढले त्यांना पक्क्या भिंती हव्या होत्या. दुःख निराळेंच आहे : त्या भिंती पक्क्या निघाल्या नाहींत. परवानगीवांचून इतकीं बांधकामें झालीं कीं, तीं नियमित करण्यासाठीं २००६ सालीं राज्य सरकारला वेगळा कायदा करावा लागला. आणि २०२१ च्या मे महिन्यांत दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसें दगावलीं. जुनी बराक आणि तिच्या शेजारची भेगाळलेली इमारत, दोन्ही एकाच नजरेंत येतात तेथें दोन मिनिटें उभे राहावें.

अंबरनाथचें शिवालय येथून फार दूर नाहीं. त्यावरील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा; त्याला पुरातत्त्व खात्याचें संरक्षण आहे आणि तें योग्यच आहे. ऐंशी वर्षांच्या बराकीला तसा मान कोण देणार? तरी एक-दोन बराकी नीट मोजून, छायाचित्रें घेऊन, त्यांत राहिलेल्या वृद्धांच्या तोंडची हकीकत लिहून ठेवण्यास सरकारची वाट पाहावी लागत नाहीं. एखाद्या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना हें सुटींतलें काम आहे.

जातांना पाण्याची बाटली आणि कापडी पिशवी बरोबर असावी. पापड येथें घेतल्यावांचून कोणी परतत नाहीं, आणि वाटेंत दाल-पकवान मिळतें तें न्याहारीच्या वेळींच खावें.