ब्राउझर आणि गोंडी लिपी

नव्या ब्राउझरची थोरवी सामान्यतः त्याच्या वेगावरून ठरविली जाते; वाचकाची लिपी तो यथार्थ दाखवितो काय, ही कसोटी उपेक्षित राहते. चिमूर ज्यात मोडते त्या चंद्रपूर जिल्ह्यात व शेजारच्या गडचिरोलीत मराठीबरोबर गोंडीही बोलली जाते. ती देवनागरीत लिहिली जात असली, तरी मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ साली तिच्यासाठी स्वतंत्र लिपी रचली. ही मसराम लिपी २०१७ मध्ये युनिकोडमध्ये समाविष्ट झाली.

तथापि संकेतांक मिळाला म्हणजे अक्षर पडद्यावर उमटतेच असे नाही. संकेतांक अक्षराची केवळ ओळख सांगतो. त्याचा आकार फाँटमधून येतो, तर स्वरचिन्हे व जोडाक्षरे यांची मांडणी ब्राउझरमधील अक्षररचना-यंत्रणा करते. फाँट नसल्यास अक्षराच्या जागी रिकामी चौकट दिसते. मात्र आता पृष्ठाबरोबर फाँटही पाठविता येतो. त्यामुळे चौकट दिसल्यास तो दोष बव्हंशी ब्राउझरचा नसून, ऑनलाइन सेवेची आखणी करताना त्या वाचकाचा विचार न करणाऱ्यांचा होय. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने सेवा हा नागरिकाचा हक्क ठरविला आहे. वाचता न येणाऱ्या पृष्ठावर तो हक्क नाममात्रच उरतो.