नागपुरातील अँग्लिकन उपासना

एकोणिसाव्या शतकात नागपूर व कामठी येथे राहणारे इंग्रज अधिकारी, सैनिक आणि त्यांचे कुटुंबीय यांच्यासाठी इंग्लंडच्या चर्चच्या पद्धतीने सुरू झालेली नियमित सामूहिक प्रार्थना म्हणजे नागपुरातील अँग्लिकन उपासना होय. नागपूरच्या सदर भागातील ऑल सेंट्स कॅथेड्रल हे तिचे मुख्य स्थान आहे. आरंभी ही उपासना परक्या देशात राहणाऱ्यांची, त्यांच्याच भाषेतील आणि सरकारी खर्चाने चालणारी होती. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी याच शहरात 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' या भारतीय चर्चची स्थापना झाली.

पार्श्वभूमी

सन १८१७ मधील सीताबर्डीच्या लढाईनंतर नागपूरच्या भोसले राज्यावर ईस्ट इंडिया कंपनीचा प्रभाव वाढला. सन १८२१ मध्ये कामठी येथे लष्करी छावणी वसली. रेसिडेन्सीतील अधिकारी आणि छावणीतील गोरे सैनिक यांची स्वतंत्र वस्ती त्यामुळे तयार झाली. राज्य भोसल्यांचेच असताना, १८५१ साली, अभियंता रिचर्ड सँकी यांच्या आराखड्यानुसार ऑल सेंट्स चर्च उभे राहिले. बंगळूर येथील अठरा कचेरीची इमारत हे सँकी यांचे नंतरच्या काळातील प्रसिद्ध काम होय.

सन १८५४ मध्ये नागपूर राज्य खालसा झाले. सन १८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती होऊन नागपूर त्याची राजधानी बनले आणि १८६७ मध्ये मुंबईकडून येणारी रेल्वे येथे पोहोचली. या घडामोडींमुळे इंग्रज व अँग्लो-इंडियन रहिवाशांची संख्या वाढली आणि त्यांच्याबरोबर चर्चची मंडळीही वाढली.

उपासनेचे स्वरूप

अँग्लिकन उपासनेचा आधार 'बुक ऑफ कॉमन प्रेअर' हे प्रार्थनापुस्तक होते. त्याची पहिली आवृत्ती १५४९ मध्ये निघाली. नागपूरच्या चर्चच्या स्थापनेच्या काळी १६६२ ची आवृत्ती प्रचारात होती. या पुस्तकात प्रत्येक उपासनेचे शब्द व क्रम ठरवून दिलेले आहेत. त्यामुळे लंडन, कलकत्ता किंवा कामठी, कोठेही गेले तरी त्या दिवशीची प्रार्थना तीच असे. वारंवार बदली होणाऱ्या अधिकाऱ्याला आणि मायदेशापासून दूर असलेल्या कुटुंबाला या सारखेपणाचा मोठा आधार वाटत असे.

नियमित उपासनेचे तीन प्रमुख प्रकार होते :

१. प्रातःप्रार्थना – पापांची कबुली, स्तोत्रे, जुन्या व नव्या करारातील वाचन, विश्वासांगीकार आणि प्रार्थना असा तिचा क्रम होता. रविवारी तिला प्रवचनाची जोड मिळे.

२. सायंप्रार्थना – हिची रचना साधारणपणे प्रातःप्रार्थनेसारखीच होती. प्रार्थनापुस्तकातील १५० स्तोत्रे महिन्याच्या ३० दिवसांत विभागलेली आहेत. सकाळ-संध्याकाळ नेमाने प्रार्थना केल्यास ती सर्व महिन्यातून एकदा वाचून होतात.

३. प्रभुभोजन – येशू ख्रिस्ताच्या अखेरच्या भोजनाचे स्मरण करून भाकर व द्राक्षारस घेण्याचा हा विधी होय. प्रत्येक सभासदाने वर्षातून किमान तीनदा, आणि त्यांपैकी एकदा ईस्टरच्या वेळी, तो घ्यावा असा नियम होता.

याशिवाय बाप्तिस्मा, विवाह व अंत्यविधी यांचे संस्कारही याच पुस्तकानुसार होत. आगमनकाळ, नाताळ, उपवासकाळ, उत्तम शुक्रवार आणि पुनरुत्थानदिन या क्रमाने वर्षभराची उपासना बांधलेली असे. इंग्लंडच्या राजा-राणीसाठी करावयाची प्रार्थना नेहमीच्या उपासनेचाच भाग होती. साहजिकच चर्चमध्ये येणे हे धर्माचरणाबरोबर राजनिष्ठेचेही चिन्ह मानले जाई.

छावण्यांमध्ये सैनिकांना रविवारी रांगेने चर्चला नेण्याची प्रथा होती. मेरठ येथील १८५७ चा उठाव १० मे या दिवशी, रविवारी संध्याकाळी, इंग्रज चर्चला जाण्याच्या वेळी सुरू झाला. त्यानंतर सैनिक शस्त्रांसह चर्चला जाऊ लागले. उत्तर भारतातील अनेक छावणी चर्चांच्या बाकांना बंदुका टेकवण्यासाठी खाचा केलेल्या होत्या.

चॅप्लेन आणि मिशनरी

इंग्रज वस्तीसाठी नेमलेल्या धर्मगुरूस 'चॅप्लेन' म्हणत. सन १८१३ च्या सनदी कायद्याने कलकत्त्याच्या बिशपचे पद निर्माण झाले. बिशप व चॅप्लेन यांचे वेतन हिंदुस्थानच्या महसुलातून दिले जाई. बहुसंख्य करदाते हिंदू व मुसलमान असताना राज्यकर्त्यांच्या उपासनेचा खर्च त्यांच्यावर पडतो, हा या व्यवस्थेवरील मुख्य आक्षेप होता.

मिशनरी मात्र आपल्या संस्थांच्या देणग्यांवर काम करीत आणि स्थानिक लोकांमध्ये मिसळत. नागपुरात हे काम प्रथम अँग्लिकनांनी नव्हे, तर स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप यांनी १८४५ पासून केले. ते भूगर्भशास्त्राचेही अभ्यासक होते. ४ सप्टेंबर १८६३ रोजी ते मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांच्यासमवेत बुटीबोरीजवळच्या टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळे पाहण्यास गेले होते. तेथील शाळेची पाहणी करण्यासाठी ते मागे थांबले आणि बोरीच्या मुक्कामाकडे परतताना पूर आलेल्या ओढ्यात बुडून मरण पावले. गोंड व इतर आदिवासी समाजांविषयीचे त्यांचे लेखन टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

एकाच शहरात ख्रिस्ती उपासनेच्या अशा दोन वाटा होत्या : एक राज्यकर्त्यांच्या वस्तीपुरती, दुसरी स्थानिक समाजाकडे जाणारी.

धर्मप्रांताची स्थापना

सन १९०३ मध्ये नागपूरचा स्वतंत्र अँग्लिकन धर्मप्रांत स्थापन झाला. आयर चॅटरटन हे त्याचे पहिले बिशप होत. बिशपचे आसन येथे आल्यामुळे ऑल सेंट्स चर्चला कॅथेड्रलचा दर्जा मिळाला. रांची येथे १८९० मध्ये स्थापन झालेला छोटा नागपूर धर्मप्रांत यापेक्षा वेगळा आहे. नामसाधर्म्यामुळे दोहोंत गल्लत होऊ शकते.

सरकारी चर्च ते भारतीय चर्च

सन १९२७ मधील कायद्यानुसार १९३० मध्ये भारतातील अँग्लिकन चर्च इंग्लंडच्या चर्चपासून कायदेशीररीत्या वेगळे झाले. स्वातंत्र्यानंतर चॅप्लेनांची सरकारी व्यवस्था संपुष्टात आली. इंग्रज कुटुंबे मायदेशी परतल्यावर अशा चर्चांपुढे मंडळी टिकवण्याचा प्रश्न उभा राहिला. ज्यांच्यासाठी ती बांधली गेली होती, ते लोक आता राहिले नव्हते.

नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल परंपरांचे संयुक्त चर्च, मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्स ऑफ क्राइस्ट या परंपरांची चर्चे एकत्र आली. हिस्लॉप यांची प्रेस्बिटेरियन परंपरा आणि चॅप्लेनांची अँग्लिकन परंपरा त्यामुळे एका चर्चच्या छत्राखाली आल्या. ऑल सेंट्स हे आज या चर्चच्या नागपूर धर्मप्रांताचे कॅथेड्रल आहे.

उपासनेची भाषा

परदेशस्थांच्या उपासनेत इंग्रजी ही केवळ सोय नव्हती, तर ओळखही होती. मराठी ख्रिस्ती मंडळींनी मात्र स्वतःची गीतपरंपरा घडवली. पूर्वी नागपुरात वास्तव्य केलेले कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी अभंग व भजनाच्या चालीवर ख्रिस्ती गीते रचली. 'उपासना संगीत' या मराठी गीतसंग्रहात त्यांच्या अनेक रचना असून प्रॉटेस्टंट मंडळींच्या उपासनेत त्या गायल्या जातात.