चेकराइड आणि आकाशातल्या अदृश्य हद्दी

अमेरिकेत खासगी वैमानिकाचा परवाना देण्यापूर्वी जी प्रात्यक्षिक परीक्षा घेतली जाते, तिला चेकराइड म्हणतात. आधी तोंडी परीक्षा होते आणि त्यात उत्तीर्ण झाल्यावरच उड्डाण. तोंडी परीक्षेत परीक्षक हवाई नकाशावर एका जागी बोट ठेवतो आणि विचारतो, इथे साडेतीन हजार फुटांवर कोणत्या वर्गाचे क्षेत्र आहे, आत शिरण्यासाठी काय लागते, ढगांपासून किती दूर राहायचे? नुसते कोष्टक घोकलेला विद्यार्थी इथे अडतो, कारण प्रत्येक आकड्यामागचे कारण त्याने पाहिलेले नसते.

१९९३ पासून अमेरिकी आकाशाची विभागणी ए, बी, सी, डी, ई आणि जी या वर्गांत आहे. एफ तिथे वापरला जात नाही. ए वर्ग समुद्रसपाटीपासून १८,००० फुटांवर सुरू होतो. तिथले सारे उड्डाण उपकरणांच्या आधारे उडण्याच्या नियमांनुसार चालते, त्यामुळे नवशिक्याचा त्याच्याशी फारसा संबंध येत नाही.

बी वर्ग सर्वांत गजबजलेल्या विमानतळांभोवती असतो. त्याचा आकार उलट्या उतरंडीसारखा, खाली अरुंद आणि वर रुंद होत जाणारा. उंची साधारण १०,००० फुटांपर्यंत. सी आणि डी वर्गांत नियंत्रकाशी दुतर्फा रेडिओसंपर्क झाला की पुरते. नियंत्रकाने विमानाचा क्रमांक घेऊन ‘स्टँड बाय’ म्हटले तरी तो संपर्कच. बी वर्गात मात्र आत येण्याची स्पष्ट परवानगी कानांनी ऐकावी लागते. हा फरक परीक्षक आवर्जून तपासतात, आणि ते योग्यच आहे. ३१ ऑगस्ट १९८६ रोजी लॉस एंजलिसजवळ सेरिटोस इथे एक छोटे पायपर विमान अशाच नियंत्रित क्षेत्रात परवानगीविना शिरले आणि एरोमेक्सिकोच्या डीसी-९ ला धडकले. जमिनीवरच्या १५ जणांसह ८२ माणसे गेली. पायपर आपली उंची रडारला कळवत नव्हते. आज बी वर्गाच्या मुख्य विमानतळाभोवती ३० सागरी मैलांत उंची कळवणारा ट्रान्सपाँडर (रडारला उत्तर देणारे यंत्र) सक्तीचा आहे, त्यामागे हा अपघात आहे.

विद्यार्थ्यांना सर्वांत जड जातात ते दृश्यमानतेचे आकडे. ई वर्गात, म्हणजे उरलेल्या नियंत्रित आकाशात, १०,००० फुटांखाली ३ मैल दृश्यमानता हवी. ढगांच्या ५०० फूट खाली, १,००० फूट वर किंवा २,००० फूट बाजूला राहावे लागते. कारण ढगातून उपकरणांवर उडणारे विमान अचानक बाहेर पडू शकते आणि दोघांनाही एकमेकांना पाहून वळायला वेळ लागतो. १०,००० फुटांच्या वर २५० नॉटची वेगमर्यादा उरत नाही, म्हणून दृश्यमानता ५ मैल आणि ढगांपासूनची अंतरेही वाढतात. उलट बी वर्गात ढगाबाहेर राहिले की झाले, कारण तिथे प्रत्येक विमानाला दुसऱ्यापासून दूर ठेवण्याची जबाबदारी नियंत्रकाची असते. इतके उमगले की आकडे विसरणे कठीण.

टॉवर नसलेल्या छोट्या विमानतळाभोवती नकाशावर फिकट जांभळट-गुलाबी पट्टा असेल, तर जमिनीपासून ७०० फुटांपर्यंत अनियंत्रित जी वर्ग आणि त्यावर ई. तो इतका खाली आणण्याचे कारण उपकरणांच्या आधारे उतरणारी विमाने. दिवसा दृश्यमानता २ मैल असेल, तर ६०० फुटांवर उडणे नियमात बसते, ८०० फुटांवर नाही. रात्री जी वर्गातही सामान्यतः ३ मैल लागतात.

याखेरीज काही क्षेत्रे वेगळी आखलेली असतात. कॅम्प डेव्हिड या राष्ट्राध्यक्षांच्या विश्रामस्थळावरचे पी-४० हे क्षेत्र प्रतिबंधित आहे. वॉशिंग्टनभोवती सुमारे ३० सागरी मैलांच्या विशेष क्षेत्रात शिरण्याआधी उड्डाण आराखडा, नेमून दिलेला ट्रान्सपाँडर कोड आणि रेडिओसंपर्क लागतो. लष्करी सरावक्षेत्रांत खासगी विमानाला मनाई नसते, पण सराव चालू आहे का हे विचारून घेणे शहाणपणाचे. वणवा किंवा राष्ट्राध्यक्षांचा दौरा यांमुळे लागू होणारे तात्पुरते निर्बंध छापील नकाशावर नसतातच. ते त्या दिवशीच्या नोटॅममध्ये, म्हणजे वैमानिकांसाठीच्या सूचनांमध्ये, पाहावे लागतात, आणि चेकराइडच्या सकाळी परीक्षक तेही विचारू शकतो.