‘चाई’ : केसांच्या स्वयंप्रतिकारी विकाराविषयी लोकजागृतीची दिशा

प्रस्तावना

डोक्यावरील केस एखाद्या ठिकाणी नाण्याच्या आकारात अचानक गळून पडतात व तेथील त्वचा गुळगुळीत दिसू लागते. मराठीत यास ‘चाई’ म्हणतात. संस्कृत वैद्यकग्रंथांत ‘इंद्रलुप्त’ अशी संज्ञा येते, तर आधुनिक वैद्यकशास्त्र यास ‘अ‍ॅलोपेशिया एरियाटा’ असे संबोधते. दर १०० व्यक्तींपैकी सुमारे २ व्यक्तींना आयुष्यात केव्हा ना केव्हा हा विकार होतो. त्यामुळे जिवाला धोका नसतो, सहसा वेदनाही होत नाहीत. रुग्णास जे सोसावे लागते, त्यातील फार मोठा भाग भोवतालच्या माणसांकडून येतो. म्हणून याविषयीची जागृती रुग्णाइतकीच, किंबहुना अधिक, त्याच्या भोवतालच्या समाजासाठी व्हावयास हवी, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे.

शब्द आणि समज

मराठीत चाई ‘पडते’, तशीच ती ‘लागते’. ‘लागणे’ हे क्रियापद आपण कीड, वाळवी, नजर यांच्यासाठी योजतो. बाहेरून काहीतरी येऊन चिकटले, असा भाव त्यात गृहीत आहे. एखादा किडा केस कुरतडतो, ही लोकसमजूत या शब्दप्रयोगाशी सुसंगतच म्हणावी लागेल. त्यातूनच घरात रुग्णाचा कंगवा, उशी, टॉवेल वेगळे केले जातात. वस्तुतः चाई हा संसर्गजन्य रोग नाही. तो स्पर्शाने, कंगव्याने अथवा वस्तऱ्याने पसरत नाही.

या भीतीस एक खरा आधारही आहे, हे नमूद केले पाहिजे. लहान मुलांच्या डोक्यावर होणारा बुरशीजन्य नायटा हाही ठिकठिकाणी टक्कल पाडतो आणि तो मात्र संसर्गजन्य असतो. त्यात खपल्या किंवा कोंडा दिसतो, खाज सुटते, केस तुटके असतात. चाईची जागा बहुधा स्वच्छ व नितळ असते. हा भेद निश्चित करण्याचे काम त्वचारोगतज्ज्ञाचे होय.

केसगळतीविषयी समाजाची पहिली प्रतिक्रिया संसर्गाचीच असते, याचे ठळक उदाहरण जानेवारी २०२५ मध्ये महाराष्ट्राने पाहिले. बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात काही गावांतील लोकांचे केस अल्पावधीत गळले आणि ‘टक्कल व्हायरस’ हा शब्द सर्वतोमुखी झाला. पुढे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गव्हातील सेलेनियमच्या अतिरिक्त प्रमाणाकडे लक्ष वेधले. ती घटना चाईची नव्हती. परंतु कारण कळण्यापूर्वीच तिला विषाणूचे नाव मिळाले, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे.

विकाराचे स्वरूप

शरीराची प्रतिकारयंत्रणा परक्या जंतूंऐवजी स्वतःच्याच पेशींवर चाल करून जाते, अशा विकारांस ‘ऑटोइम्यून’ म्हटले जाते. वाढीच्या अवस्थेतील केसाचे मूळ एरवी या यंत्रणेपासून सुरक्षित असते. ते संरक्षण ढासळले की टी-पेशी मुळाभोवती गोळा होतात, केसाची वाढ खंडित होते व तो गळतो. चाईच्या कडेला वर जाड व मुळाशी बारीक असे उद्गारचिन्हासारखे आखूड केस दिसतात. काही रुग्णांच्या नखांवर बारीक खळगे पडतात. थायरॉइडचे विकार वा कोड यांची जोडही आढळते. क्वचित डोक्यावरील सर्व केस, तर कधी भुवया-पापण्यांसह सर्वांगावरील केस जातात.

पांढरे केस या हल्ल्यातून पुष्कळदा बचावतात. काळे केस झपाट्याने गळून पांढरेच उरले, तर पाहणाऱ्यास केस एका रात्रीत पिकल्याचा भास होतो. अशा आख्यायिकांमागे काही वेळा हेच कारण असावे.

सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे या विकारात केसाचे मूळ मरत नाही. म्हणूनच केस पुन्हा येऊ शकतात, आणि म्हणूनच ते पुन्हा जाऊही शकतात. ‘फार विचार करतेस म्हणून केस गेले’ हे वाक्य रुग्ण स्त्रीस हमखास ऐकावे लागते. मानसिक ताणाचा संबंध काही रुग्णांत दिसत असला, तरी तेच कारण आहे असे सिद्ध झालेले नाही. अशा सल्ल्याने आजाराच्या जोडीला अपराधभाव मात्र येतो.

स्त्रियांच्या बाबतीत केशहीनतेला आणखी एक पदर आहे. महाराष्ट्रात काही जातींत विधवांच्या केशवपनाची रूढी होती. तिची अशुभाशी जोडलेली स्मृती पूर्णतः पुसली गेलेली नाही. तिरुपतीला केस अर्पण करून आलेल्या स्त्रीच्या मुंडनास श्रद्धेचे वलय लाभते. चाईने केस गेलेल्या स्त्रीला मात्र पदराआड जावे लागते.

उपचार आणि अपेक्षा

कांद्याचा रस चोळणे हा घरोघरी सांगितला जाणारा उपाय. २००२ मध्ये बगदाद येथील संशोधकांनी तो एका लहानशा गटावर तपासला व अनुकूल निष्कर्ष नोंदविला. तथापि लहान चट्ट्यांवर उपचाराविनाही वर्षभरात पुष्कळदा केस येतात. त्यामुळे श्रेय कांद्याचे की निसर्गाचे, हे ठरविणे कठीण. त्वचेस मुद्दाम सौम्य दाह घडवून प्रतिकारयंत्रणेचे लक्ष वळविण्याची पद्धत आधुनिक उपचारांतही आहे, परंतु ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. घरी त्वचा भाजेपर्यंत लसूण चोळणे हा तिचा पर्याय नव्हे.

मर्यादित चट्ट्यांसाठी स्टेरॉइडची इंजेक्शने त्या जागी दिली जातात. तीव्र विकारासाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जून २०२२ मध्ये प्रौढांकरिता बॅरिसिटिनिब, तर जून २०२३ मध्ये १२ वर्षांवरील रुग्णांकरिता रिटलेसिटिनिब या गोळ्यांना मान्यता दिली. गोळ्या थांबविल्यास केस पुन्हा गळू शकतात. शिवाय त्या प्रतिकारशक्ती दाबत असल्याने आधी क्षयरोगाची तपासणी करावी लागते. आपल्याकडे ही अट औपचारिक नाही. ‘खात्रीशीर’ तेलांच्या जाहिरातींत अशा मर्यादांचा उल्लेख नसतो, हीच त्यांची ओळख.

जागृती कोठे?

मार्च २०२२ मधील ऑस्कर सोहळ्यात जेडा पिंकेट स्मिथ यांच्या केशहीनतेवर विनोद झाला, त्यांचे पती विल स्मिथ यांनी निवेदकाला थप्पड मारली आणि या विकाराचे नाव जगभर पोहोचले. चर्चा मात्र थपडेचीच अधिक झाली. सप्टेंबर महिना काही देशांत या विकाराच्या जागृतीसाठी पाळला जातो. आपल्याकडे भित्तिपत्रकांपेक्षा दोन ठिकाणे अधिक उपयोगी पडतील असे वाटते. पहिले केशकर्तनालय. डोक्याच्या मागील बाजूची चाई रुग्णाच्या आधी केस कापणाऱ्यास दिसते, आणि तो काय बोलतो यावर पुढचे बरेच अवलंबून असते. दुसरे ठिकाण शाळा, कारण विकाराची सुरुवात अनेकदा बालपणीच होते. गणवेशाच्या नियमात अशा विद्यार्थ्याला टोपी वा रुमाल वापरण्याची मुभा असावी. मुलाची व पालकांची संमती असल्यास तो वर्गात परतण्यापूर्वीच शिक्षकांनी इतर मुलांना सांगावे की हे लागत नाही, त्याच्या शेजारी बसायला हरकत नाही.