स्टाफनी पोकळी
खालच्या जबड्याच्या हाडाच्या जिभेकडील पृष्ठभागावर क्वचित आढळणारा खळगा. एडवर्ड स्टाफनी या अमेरिकन दंतवैद्यांनी १९४२ मध्ये अशा ३५ खळग्यांचे वर्णन केले. त्यावरून हे नाव पडले. क्ष-किरण चित्रात तो जबड्याच्या कोनाजवळ, खालच्या दातांच्या तंत्रिकेच्या नलिकेखाली, ठळक कडेच्या लंबगोल काळ्या डागासारखा दिसतो. त्यामुळे द्रवाने भरलेल्या गाठीचा भ्रम होऊन अनावश्यक शस्त्रक्रिया होण्याचा संभव असतो. वस्तुतः खळग्यात बहुधा जबड्याखालील लाला ग्रंथीचा भाग असतो. तो मध्यमवयीन पुरुषांत अधिक आढळतो, वेदना नसतात. संशय राहिल्यास सीटी स्कॅनमधील आडव्या छेदांत हाडाचा खोलगटपणा स्पष्ट होतो. उपचारांची गरज नसते. कालांतराने पुन्हा चित्र घेऊन आधीच्या चित्राशी ताडून पाहणे पुरेसे असते.