खाऱ्या सरोवरांचा गाळ आणि प्राचीन पाऊस

राजस्थानातील सांभर, दीडवाना व लूणकरणसर ही सरोवरे मिठासाठी प्रसिद्ध आहेत. परंतु प्राचीन हवामानाच्या अभ्यासकाला मिठाहून त्यांच्या तळाचा गाळ अधिक मोलाचा वाटतो. या गाळात माती व क्षारांबरोबर आसमंतातून उडून आलेले परागकणही साचत असतात. परागकणाचे बाह्य कवच विलक्षण चिवट असते. ज्या तीव्र आम्लात वाळू विरघळते, त्यातही ते शाबूत राहते. गाळाचा उभा नमुना काढून त्यातील कण थराथराने वेगळे करतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची मोजदाद करतात. लव्हाळे व पाणकणीस यांचे कण वाढले, तर गोडे पाणी मुबलक होते असे समजावे. चाकवताच्या कुळातील क्षारप्रिय झुडपांचे वाढले, तर पाणी आटून खारट झाले असे.

थरांची घडणही बोलकी असते. संथ पाण्यात चिकणमातीचे पातळ पापुद्रे बसतात, पाणी आटू लागले की जिप्समचे स्फटिक जमतात आणि कोरड्या तळावर वाऱ्याने आणलेली वाळू पसरते.

याच सरोवरांच्या परागकणांवरून गुरदीप सिंग यांनी १९७१ मध्ये एक लक्षवेधी अनुमान मांडले. इ. स. पूर्व ३००० च्या सुमारास पाऊस वाढला, १८०० च्या सुमारास तो उणावला. सिंधू संस्कृतीचा उत्कर्ष आणि ऱ्हास यांचे कारण येथेच शोधावे, असा त्याचा आशय होता. अनुमान मोहक खरे, पण त्याची सारी भिस्त कालनिर्णयावर होती. कार्बन-१४ पद्धतीने मिळणारी वर्षे ही पंचांगाची वर्षे नव्हेत. त्या काळापुरता दोहोंत काही शतकांचा फरक पडतो, आणि दुरुस्ती केली की घटना मागे सरकतात.

१९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लूणकरणसरच्या नव्या अभ्यासाने हा प्रश्न ऐरणीवर आणला. तेथील सरोवर सुमारे ५,५०० वर्षांपूर्वीच कोरडे पडले होते, म्हणजे हडप्पा व मोहेंजोदडो ही नगरे भरभराटीस येण्याच्या कित्येक शतके आधी! नगरे कोरड्या काळातच उभी राहिली, असा याचा अर्थ होतो.

वाद मात्र मिटला नाही. हरियाणातील कोटला डहर या प्राचीन सरोवराच्या गाळात गोगलगाईंची कवचे सापडली. पाण्याचे बाष्पीभवन वाढले की मागे उरलेल्या पाण्यात ऑक्सिजनच्या जड समस्थानिकाचे प्रमाण वाढते, आणि त्या पाण्यात घडणाऱ्या कवचात ते नोंदले जाते. या कवचांवरून सुमारे ४,१०० वर्षांपूर्वी उन्हाळी मोसमी पाऊस एकाएकी मंदावल्याचा निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. हा काळ नगरांच्या ऱ्हासाच्या जवळ येतो. तरीही कोटला डहर हे सिंधू वसाहतींच्या पूर्व सीमेवरचे ठिकाण आहे. तेथील पावसावरून सिंधच्या शेताचा हिशेब मांडणे धाडसाचे ठरेल. कारण सिंधमधील शेती मुख्यतः नदीच्या पुरावर अवलंबून होती, आणि त्या नदीला हिमालयातील बर्फाचे पाणीही मिळत असे.